शुष्क फिल्म मुद्रक
क्ष-किरण, सीटी स्कॅन, एमआरआय इ. साधनांनी घेतलेली वैद्यकीय प्रतिमा पाणी व रासायनिक विद्राव न वापरता, केवळ उष्णतेच्या साहाय्याने पारदर्शक फिल्मवर उमटविणारे यंत्र. प्रतिमा या यंत्राकडे संगणकातून अंकरूपाने येते आणि तयार फिल्म काही मिनिटांत कोरडी बाहेर पडते. हिच्यासाठी अंधारी खोली लागत नाही. फिल्मची पेटी दिवसाच्या उजेडात यंत्रात बसविता येते. सोनोग्राफी यंत्रासोबत असणारा लहान कागदी मुद्रकही उष्णतेवरच चालतो. परंतु त्याची प्रतिमा कागदावर असल्याने ती प्रकाशपेटीवर लावून पाहता येत नाही. म्हणून त्याचा अंतर्भाव येथे केलेला नाही.

या यंत्राने कोणती अडचण दूर केली, हे कळण्यासाठी आधीची ओली पद्धत पाहणे इष्ट ठरते. व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यापासून सु. शंभर वर्षे वैद्यकीय प्रतिमा सिल्व्हर हॅलाइडयुक्त जिलेटिनाच्या पायसावर घेतली जात असे. फिल्म प्रथम विकासक विद्रावात, नंतर हायपोसारख्या स्थिरीकारक विद्रावात बुडवीत, मग वाहत्या पाण्यात धुऊन वाळवीत. हाताने करावयाच्या पद्धतीत विकासक सु. २०° से. तापमानास ठेवावा लागे. तो फार तापला, तर फिल्मवर धुरकट काळिमा येई आणि पायस मऊ होऊन त्यास जाळीसारख्या सुरकुत्या पडत. १९५६ मध्ये रुळांवरून फिल्म नेणारे कोडॅक कंपनीचे स्वयंचलित यंत्र आले व १९६५ च्या सुमारास ही सर्व क्रिया दीड मिनिटात होऊ लागली. तथापि पाणी, रसायने आणि अंधारी खोली यांची गरज राहिलीच.

जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत नेमक्या याच तीन गोष्टी अडचणीच्या होत्या. तापी खोऱ्याच्या या भागात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४२° ते ४५° से. पर्यंत जाते. अशा वेळी नळाचे पाणीच विकासकास हव्या असलेल्या तापमानापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते. टाक्यांभोवती बर्फ ठेवणे हा उष्ण प्रदेशांतील नेहमीचा उपाय होय. पाण्याची टंचाई ही दुसरी बाब. धुळ्यातून वाहणारी पांझरा उन्हाळ्यात आटते. शहराची भिस्त नकाणे व डेडरगाव तलाव आणि तापीवरील योजना यांवर असते. जळगाव शहरास वाघूर धरणातून पाणी मिळते. धुण्यात हयगय झाली, तर फिल्मवर हायपो शिल्लक राहतो व काही वर्षांनी प्रतिमा पिवळी-तपकिरी पडते. हा दोष त्या दिवशी कोणाच्याही लक्षात येत नाही. जुनी व नवी फिल्म शेजारी लावून क्षयाची किंवा हाड सांधण्याची प्रगती पाहण्याची वेळ येते, तेव्हाच तो दिसतो.

इतिहास : अंकरूप प्रतिमा आल्यावाचून शुष्क मुद्रण शक्य नव्हते. सीटी स्कॅन १९७१ पासून वापरात आला. त्याच्या पडद्यावरील प्रतिमेचे भिंगांतून फिल्मवर छायाचित्र घेत. पुढे लेसर किरणाने फिल्मवर लिहिणारी यंत्रे आली. पण ती फिल्मही ओल्या पद्धतीनेच विकसित करावी लागे. क्ष-किरणांची साधी प्रतिमा भास्वर पट्टीवर साठवून लेसरने वाचण्याची पद्धत फुजी कंपनीने १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आणली. अमेरिकेतील थ्री-एम कंपनीकडे उष्णतेने विकसित होणाऱ्या चांदीयुक्त थरांचे तंत्र बरेच आधीपासून होते. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यास तिच्या शुष्क लेसर मुद्रकाने हे तंत्र रुग्णालयांत पोहोचविले. हा व्यवसाय १९९६ मध्ये इमेशनकडे, १९९८ मध्ये कोडॅककडे आणि २००७ मध्ये केअरस्ट्रीम या कंपनीकडे गेला. अ‍ॅगफा, फुजी व कोनिका या कंपन्यांनीही आपापले शुष्क मुद्रक तयार केले.

रचना व कार्य : शुष्क मुद्रकांचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात लेसर व उष्णता अशा दोन पायऱ्या असतात. पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्यावरील थरात सिल्व्हर बेहेनेट हे प्रकाशास न जुमानणारे लवण, अत्यल्प प्रमाणात प्रकाशसंवेदी सिल्व्हर हॅलाइड आणि क्षपणकारक द्रव्य ही एकत्र बांधलेली असतात. अवरक्त लेसरचा झोत प्रतिमेनुसार कमीअधिक तीव्रतेने फिल्मवरून फिरतो व हॅलाइडाच्या कणांवर अदृश्य प्रतिमा उमटते. मग फिल्म सु. १२०° से. तापमानाच्या फिरत्या पिंपावरून जाते. जेथे प्रकाश पडला होता, तेथील कणांभोवती बेहेनेटमधील चांदी मोकळी होऊन काळा रंग धरते. यास सु. पंधरा सेकंद पुरतात. तापलेल्या थरातून मेदाम्लाची वाफ निघते; ती शोषण्यासाठी यंत्रात कोळशाची गाळणी असते. ती वेळेवर न बदलल्यास खोलीत उग्र वास सुटतो.

दुसऱ्या प्रकारात लेसर नसतो. फिल्मच्या रुंदीएवढ्या दांडीवर हजारो सूक्ष्म तापक एका ओळीत बसविलेले असतात. फिल्म त्यांखालून सरकते आणि प्रत्येक तापक आपल्या बिंदूला हवी तेवढी उष्णता देतो. साधारणतः एका इंचात ३२० बिंदू पडतात. स्तनाच्या तपासणीसाठी ५०८ बिंदूंची यंत्रे वापरतात. काही फिल्मच्या थरात चांदीचे लवण, तर काहींत सूक्ष्म कोशांत बंद केलेले रंगजनक द्रव्य असते. ही यंत्रे आकाराने लहान व तुलनेने साधी असल्याने तालुक्याच्या गावच्या केंद्रासही सोयीची पडतात. मात्र तापकांच्या दांडीवर धुळीचा कण बसला किंवा एखादा तापक निकामी झाला, तर फिल्मच्या सरकण्याच्या दिशेने एक सरळ, बारीक, फिकी रेघ उमटते. खानदेशातील वैशाखाच्या वावटळी पाहता दांडी नियमितपणे पुसणे हे तेथे विशेष अगत्याचे काम ठरते. वीज वारंवार जात असल्यास पहिल्या प्रकारातील यंत्राचे पिंप प्रत्येक वेळी पुन्हा तापवावे लागते. म्हणून बॅटरीवरील पर्यायी पुरवठा आवश्यक असतो.

एकाच रुग्णाची प्रतिमा दोन मुद्रकांवर सारखीच काळी-पांढरी उमटली पाहिजे. अन्यथा यंत्रातील फरक रोगातील फरक म्हणून वाचला जाण्याचा धोका असतो. प्रतिमांच्या देवघेवीसाठी १९९३ मध्ये डायकॉम हे प्रमाण ठरले व त्याच्या एका भागात करड्या छटांचा प्रमाणित क्रमही दिलेला आहे. मुद्रक त्यानुसार स्वतःची घनता मोजून जुळवून घेतो. साधी पारख चाचणी-आकृतीवरून होते. तिच्यातील पूर्ण काळ्या चौकटीमधील पाच टक्क्यांचा चौकोन आणि पूर्ण पांढऱ्या चौकटीमधील पंचाण्णव टक्क्यांचा चौकोन हे दोन्ही वेगळे दिसले पाहिजेत. ही आकृती रोज सकाळी छापून पाहण्यास एक फिल्म खर्ची पडते. काटकसरीच्या नावाखाली तीच प्रथम वगळली जाते आणि ही काटकसर महागात पडू शकते.

फिल्मचे जतन : ओल्या पद्धतीत स्थिरीकारक न वापरलेले सिल्व्हर हॅलाइड विरघळवून काढतो, शुष्क फिल्ममध्ये असे काहीच काढून टाकले जात नाही. न वापरलेले लवण व क्षपणकारक प्रतिमेसोबतच फिल्ममध्ये राहतात. म्हणून जी उष्णता प्रतिमा घडविते, तीच पुढे ती बिघडवू शकते. कोऱ्या फिल्मची पेटी सु. २५° से. खाली ठेवावी, असे उत्पादक सांगतात. तयार फिल्मही थंड व अंधाऱ्या जागी दीर्घकाळ टिकते. पण उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत, पत्र्याच्या छपराखाली किंवा प्रखर दिव्याला चिकटून राहिल्यास ती हळूहळू काळवंडते. पाण्याची अडचण शुष्क मुद्रकाने दूर केली. उन्हाची मात्र रुग्णालयाच्या खोलीतून रुग्णाच्या घरी गेली, असे म्हणावे लागते.

खानदेशात ही बाब क्षुल्लक नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांतील रुग्ण प्रथम जवळच्या केंद्रात, मग धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा २०१८ मध्ये सुरू झालेल्या जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि प्रसंगी नासिक, मुंबई, सुरत वा इंदूरला जातो. या प्रवासात त्याच्या आजाराचा पुरावा म्हणजे पिशवीतील ‘फोटो’ हाच असतो. फिल्म काळवंडली किंवा हरवली, तर तपासणी पुन्हा करावी लागते. तिचा खर्च व क्ष-किरणांची मात्रा दोन्ही रुग्णावर पडतात. फिल्म कागदी पाकिटात, धान्याच्या कोठीसारख्या थंड जागी ठेवण्याची सूचना रुग्णास तोंडी देणे अवघड नाही.

फिल्मच्या मर्यादाही ध्यानात घ्यावयास हव्यात. सीटी स्कॅनमध्ये शेकडो छेद असतात; १४ × १७ इंचाच्या फिल्मवर त्यांतील निवडक वीस-तीस मावतात आणि तेही एकाच ठरावीक उजळपणात. फुप्फुसासाठी छापलेल्या छेदात हाड नीट दिसत नाही. मूळ अंकरूप प्रतिमेत हे बदलता येते. म्हणून मोठ्या रुग्णालयांत प्रतिमा संगणकाच्या जाळ्यात साठवून पडद्यावरच पाहतात व फिल्मचा वापर घटत चालला आहे. फिल्मचे भ्रमणध्वनीवर घेतलेले छायाचित्र किंवा साध्या कागदावरील प्रत केवळ कल्पना देण्यापुरती उपयोगी असते. करड्या छटांचे बारकावे तीत राहत नाहीत. रुग्णास फिल्मसोबत चकती किंवा अन्य साठवणीच्या रूपात मूळ प्रतिमा देणे हा अधिक भरवशाचा मार्ग होय.

ओल्या पद्धतीतील वापरलेल्या हायपोतून आणि जुन्या फिल्ममधून चांदी परत मिळविण्याचा व्यवसाय चाले. शुष्क पद्धतीत हायपो नसतो; चांदीयुक्त फिल्ममध्ये सर्व चांदी फिल्मवरच राहते, तर रंगजनक द्रव्याच्या फिल्ममध्ये ती नसतेच. जुन्या फिल्म विकताना त्यांच्या कोपऱ्यात छापलेले रुग्णाचे नाव व वय आधी कापून वा पुसून टाकणे आवश्यक असते.