‘स्त्रीपुरुषतुलना’ : विस्मरण, पुनःप्राप्ती आणि समीक्षेची राहिलेली नोंद

स्त्रियांच्या कर्तृत्वाविषयी वाङ्मयेतिहास जे मौन पाळतो, त्याचे समर्थन सामान्यतः दोन प्रकारे केले जाते. शिक्षणाची दारे बंद असल्यामुळे स्त्रियांनी फारसे लिहिलेच नाही, हे पहिले समर्थन. जे लिहिले ते गुणवत्तेत कमी पडल्यामुळे काळाच्या ओघात मागे पडले, हे दुसरे. या दोहोंच्या मुळाशी एक गृहीत आहे. काळ ही जणू निःपक्षपाती चाळणी असून तिच्यात सकस ते उरते आणि निकस ते गळून पडते, असे ते गृहीत होय. ही चाळणी कोणाच्या हाती होती आणि कशासाठी विणली गेली होती, हा प्रश्न स्त्रीवादी विचाराने उपस्थित केला. ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) या ग्रंथाच्या आधारे त्याचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

१

‘पितृसत्ता’ ही संज्ञा मराठीत बरेचदा ‘पुरुषांचा जुलूम’ अशा ढोबळ अर्थाने वापरली जाते. त्यामुळे प्रश्न व्यक्तींच्या चांगुलपणावर वा वाईटपणावर येऊन थांबतो. स्त्रीवादी चिंतनात मात्र ही संज्ञा व्यवस्थावाचक आहे. केट मिलेट यांनी १९७० साली ‘सेक्शुअल पॉलिटिक्स’मध्ये स्त्रीपुरुषसंबंध हे सत्तासंबंध असल्याचे प्रतिपादन केले आणि त्यासाठी पुरावा म्हणून साहित्यकृतींचेच वाचन केले. इतिहासकार गर्डा लर्नर यांनी १९८६ साली पितृसत्ता ही निसर्गदत्त नसून इतिहासक्रमात घडत आलेली व्यवस्था आहे, असे दाखविले. स्त्रियांच्या विचाराला सलग परंपरा लाभत नाही, आधीच्या स्त्रियांनी काय म्हटले हे ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक पिढीला आरंभापासून सुरुवात करावी लागते, हे लर्नर यांचे निरीक्षण येथे विशेष महत्त्वाचे आहे.

भारतीय संदर्भात या व्यवस्थेचा जातीशी असलेला संबंध वगळून चालत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१६ च्या आपल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या रूढींचा उगम जातीअंतर्गत विवाहाचे बंधन टिकविण्याच्या गरजेत दाखविला होता. उमा चक्रवर्ती यांनी १९९३ साली ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ ही संकल्पना मांडून जात आणि स्त्रीचे नियमन यांच्या या परस्परावलंबनाला सैद्धान्तिक रूप दिले. सक्तीचे वैधव्य हाच ‘स्त्रीपुरुषतुलने’च्या निर्मितीमागील प्रश्न असल्यामुळे ही चौकट ग्रंथाच्या आकलनास उपकारक ठरते.

२

१८८१ साली सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाच्या हत्येचा खटला चालला. तिला प्रथम फाशीची शिक्षा झाली आणि अपिलात ती कमी होऊन काळ्या पाण्याची झाली. या खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून जी चर्चा झाली, तिच्यात एकंदर स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवरच आक्षेप घेतले गेले. ‘पुणेवैभव’ या पत्रातील अशा लिखाणाने बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे व्यथित झाल्या आणि त्यातून हा निबंध सिद्ध झाला. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात त्याच्या पाचशे प्रती छापण्यात आल्या. किंमत होती नऊ आणे. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरीत नोकरीस होते आणि सत्यशोधक समाजाशी निगडित होते. कन्येला शिक्षण मिळाले ते त्यांच्यामुळे.

एका विधवेच्या अपराधाची चर्चा ताराबाई दोन प्रश्नांकडे वळवितात. अपराध जिच्या माथी मारला जातो, तिला त्या अवस्थेस आणणारा पुरुष न्यायाच्या कक्षेबाहेर का राहतो, हा पहिला प्रश्न. पुनर्विवाहाची वाट बंद करणारी रूढीच अशा अपराधाची जननी नव्हे काय, हा दुसरा. पुनर्विवाहबंदीचा हा जाच ब्राह्मणांपुरता न राहता प्रतिष्ठेच्या हव्यासापोटी इतर जातींतही शिरला आहे, याकडे त्या लक्ष वेधतात. सत्यशोधकी वातावरणात घडलेल्या मराठा स्त्रीची ही दृष्टी आहे. उच्चवर्णीय सुधारकांच्या विधवाविवाहविषयक लेखनात ती सहसा आढळत नाही.

निबंधाची रचना त्याच्या शीर्षकाला शब्दशः जागणारी आहे. स्त्री ही संशयाचा भोवरा, अविनयाचे घर, साहसाचे नगर इत्यादी दुर्गुणांची खाण होय, असे सांगणाऱ्या संस्कृत श्लोकातील एकेक आरोप त्या हाती घेतात आणि तो पुरुषाला लावून पाहतात. येथे ‘साहस’ शब्दाचा अर्थ आजचा नसून अविचारी दुष्कृत्य असा आहे. प्रत्येक तुलनेअंती निष्पन्न होते ते असे की, दुर्गुण स्त्रीचे म्हणून सांगितले गेले, परंतु ते आचरण्याची साधने, संधी आणि मोकळीक पुरुषाकडेच अधिक होती. पतिव्रताधर्माचीही त्या अशीच उलटतपासणी करतात. सावित्री पतीसाठी यमाच्या दारी गेली, परंतु पत्नीसाठी त्या वाटेवर पाऊल टाकलेला एखादा पती पुराणांत आहे काय, हा त्यांचा प्रश्न या पद्धतीचा उत्तम नमुना होय. इंग्रजी धर्तीचा पोशाख स्वीकारताना परंपरा न आठवणाऱ्या सुशिक्षितांना ती स्त्रीच्या बाबतीतच का आठवावी, हा त्यांचा आणखी एक रोकडा सवाल.

३

या ग्रंथाची नोंद आजवर प्रामुख्याने समाजसुधारणेच्या इतिहासात झाली. परंतु मराठी साहित्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचा एक भाग अधिक मोलाचा आहे. स्त्रीची निंदा कोठून उगवते याचा शोध घेताना ताराबाई तत्कालीन ललितवाङ्मयापाशी येतात. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबऱ्या, ‘मनोरमा’ हे नाटक आणि ‘स्त्रीचरित्र’सारखे ग्रंथ यांचा त्या नावानिशी समाचार घेतात. पुराणकथा आणि नव्याने छापली जाणारी करमणूक यांना त्या एकाच रांगेत बसवितात. स्त्रीची जी प्रतिमा पोथीने रूढ केली तीच छापखाना नव्या वेषात पुढे चालवीत आहे, असे या मांडणीतून सूचित होते.

हे वाचन समीक्षात्मक आहे, असे म्हणण्यास तीन कारणे आहेत. एक, स्त्रीपात्र हे लेखकाच्या आणि त्याच्या समाजाच्या कल्पनेची निर्मिती आहे, वास्तव स्त्रीचे प्रतिबिंब नव्हे, हा भेद त्यांनी ओळखला आहे. दोन, ही निर्मिती पुरुषाच्या सोयीची आहे, म्हणजे प्रतिमेमागे हितसंबंध आहेत, हे त्या दाखवितात. तीन, त्या वाचक म्हणून आपले स्थान लपवीत नाहीत आणि स्त्री म्हणूनच त्या कृतींना जाब विचारतात. साहित्यातील स्त्रीप्रतिमांची चिकित्सा ही पाश्चात्त्य स्त्रीवादी समीक्षेची १९७० नंतरची पहिली अवस्था मानली जाते. ताराबाईंचे लेखन त्या सिद्धान्ताची पूर्वावृत्ती आहे असा दावा करणे अनैतिहासिक ठरेल, कारण दोहोंची तात्त्विक सामग्री आणि प्रयोजने भिन्न आहेत. मात्र स्त्रीवादी समीक्षा ही मराठीत केवळ आयात झालेली विचारसरणी आहे, हे विधान ‘स्त्रीपुरुषतुलने’चे हे वाचन लक्षात घेता टिकत नाही.

४

ग्रंथावर तत्काळ प्रतिकूल टीका झाली. महात्मा फुले यांनी १८८५ साली ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र ग्रंथ जवळजवळ अदृश्य झाला. ताराबाईंचा दुसरा ग्रंथ प्रसिद्ध झाला नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ साली, आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, त्याचे पुनर्मुद्रण केले तेव्हा मध्ये त्र्याण्णव वर्षे लोटली होती. पुढे सुसी थारू आणि के. ललिता यांच्या संकलनातून (१९९१) आणि रोझलिंड ओ’हॅन्लन यांच्या अनुवादातून (१९९४) तो इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचला.

या विस्मरणाची कारणे केवळ टीकाकारांच्या रोषात शोधणे अपुरे होय. रोष ओढवलेले कितीतरी ग्रंथ टिकले आहेत. ग्रंथ टिकण्यासाठी त्याचे पुनर्मुद्रण, अध्यापन आणि उद्धरण व्हावे लागते. ही कामे नियतकालिके, संस्था, शिष्यवर्ग आणि अभ्यासक्रम यांच्यामार्फत होतात. बुलढाण्यात राहणाऱ्या ताराबाईंपाशी यांपैकी काहीही नव्हते.

याला दुसरे एक कारण जोडता येईल. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांची ‘निबंधमाला’ १८७४ ते १८८१ या काळात प्रसिद्ध झाली आणि मराठी निबंधाचा आदर्श तिने घडविला. संस्कृतप्रचुर, डौलदार आणि बांधीव वाक्यरचना ही निबंधाची ओळख ठरली. ताराबाईंचे गद्य बोलीच्या अंगाने जाणारे, एका श्वासात प्रश्नांची सरबत्ती करणारे आणि विषय मध्येच वळविणारे आहे. ‘निबंधमाले’च्या मापाने ते विस्कळीत वाटते. परंतु हे गद्य मुळात भांडणाचे आहे. समोर प्रतिपक्ष उभा आहे असे धरून ते चालते, आणि त्याची लय चावडीवर जाब विचारणाऱ्या माणसाची आहे. लोकहितवादी, चिपळूणकर, आगरकर या क्रमाने निबंधाचा इतिहास शिकविताना ताराबाईंना जागा मिळत नाही, याचे कारण त्यांच्या लेखनाइतकेच या मापातही शोधावे लागेल.

५

निकषांमुळे घडणारी उपेक्षा अन्य रूपांतही आढळते. मुक्ताबाई साळवे यांचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त प्रसिद्ध झाला. तो दीर्घकाळ फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनीच्या प्रगतीचा दाखला म्हणून उद्धृत होत राहिला. जात, भूक आणि धर्म यांविषयीची त्यातील मांडणी स्वतंत्र वैचारिक गद्य म्हणून क्वचितच वाचली गेली. जात्यावरच्या ओव्यांची तर पिढ्यान्‌पिढ्यांची निर्मिती ‘लोकसाहित्य’ या सदरात गेली. तेथे ओवी समाजाची ठरली आणि ती रचणारी बाई निनावी झाली. बहिणाबाई चौधरी यांची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली ग्रंथरूप होऊ शकली, ती घरातील पुरुषांनी ती उतरवून ठेवली होती म्हणून. याउलट ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) प्रसिद्ध झाल्यावर विभावरी शिरूरकर या नावामागे कोण आहे, याचा शोधच साहित्यिक कुतूहलाचा मुख्य विषय बनला. कृतीपेक्षा कर्तीच्या शीलाची चौकशी पुढे आली.

या पार्श्वभूमीवर ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथाची पद्धती लक्षणीय आहे. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग लिखित साधनांत पुरेसा सापडत नाही, हे ध्यानी येताच लेखिकांनी त्या स्त्रियांच्या प्रत्यक्ष मुलाखती घेतल्या. साधने नाहीत म्हणून इतिहास नाही, असे न मानता त्यांनी साधनाची व्याख्याच रुंदावली. शर्मिला रेगे यांनी १९९८ साली मांडलेल्या दलित स्त्रीवादी भूमिदृष्टीशी हा प्रयत्न नाते सांगतो. ‘स्त्री’ ही एकसंध कोटी नाही आणि स्त्रियांच्या इतिहासलेखनातही कोणाची नोंद सुटते हे पाहावे लागते, हा या भूमिकेचा गाभा होय.

६

पुनःप्राप्त ग्रंथाचे गौरवीकरण करण्याचा मोह अभ्यासकाने टाळला पाहिजे. ताराबाईंनी विवाहसंस्था नाकारलेली नाही. पतीने पत्नीशी न्यायाने व प्रेमाने वागावे, ही त्यांची अपेक्षा आहे. शीलाचा निकषही त्या मोडीत काढीत नाहीत, तो दोघांनाही सारखा लावावा असे म्हणतात. इंग्रजी राज्याविषयी त्यांना वाटणारा विश्वास त्या काळच्या अनेक सुधारकांसारखाच आहे. या मर्यादा नोंदविल्याने ग्रंथाचे मोल उणावत नाही. उलट, प्रश्न कोणत्या भूमीवर उभे राहून विचारले गेले हे अधिक स्पष्ट होते. आगरकर किंवा लोकहितवादी यांच्या मर्यादा सांगूनही त्यांचे स्थान अबाधित ठेवले जाते. तोच न्याय ताराबाईंना मिळावा, एवढेच.

विस्मृत ग्रंथाचे पुनर्मुद्रण झाले की अन्यायाचे परिमार्जन झाले, असा समज सर्वत्र दिसतो. पण पुनर्मुद्रित ग्रंथ स्त्रीविषयक अभ्यासाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवला आणि निबंधाचा, कादंबरीचा व समीक्षेचा इतिहास पूर्वीप्रमाणेच शिकविला, तर उपेक्षेचे केवळ स्थलांतर होते. एकाकी चमत्कार म्हणून ताराबाईंचा गौरव करणे, हाही त्यांना परंपरेबाहेर ठेवण्याचाच प्रकार आहे. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ मराठी कादंबरीच्या आरंभकाळाचे नमुने म्हणून पदव्युत्तर वर्गात अभ्यासल्या जातात. त्याच तासाला या कादंबऱ्यांची १८८२ सालची एक वाचक आणि तिचे आक्षेप विद्यार्थ्यांपुढे ठेवले, तर एकाच वेळी दोन गोष्टी साध्य होतील. कादंबरीचा अभ्यास अधिक सजग होईल, आणि ताराबाई शिंदे यांची मराठी समीक्षेच्या इतिहासात राहून गेलेली नोंद तिच्या योग्य जागी होईल.