दुकान हलवताय? भावाआधी कागद बघा!

पुण्या-मुंबईत दुकान किंवा वर्कशॉप हलवायचं म्हटलं की आपण सगळ्यात स्वस्त मूव्हर्सवाला धरतो. गोम इथेच आहे. फोनवर १२ हजार सांगतात आणि माल ट्रकमध्ये चढला की २० हजार मागतात. माल त्यांच्या ताब्यात, मग आपण काय बोलणार?

म्हणून सामान प्रत्यक्ष बघून लेखी कोटेशन देणाराच निवडा. पॅकिंग, हमाली, टोल, जीएसटी सगळं त्यात आलंय ना, ते तपासा. त्यांचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतंय का तेही बघा.

आता खरा मुद्दा. रस्ते मालवाहतुकीच्या २००७ च्या कायद्याखालील नियमांप्रमाणे, जादा जोखमीचा दर ठरवला नसेल तर भरपाई भाड्याच्या दहापटीपर्यंतच मिळते. म्हणजे भाडं १२ हजार असेल, तर ४ लाखांचं मशीन मोडलं तरी जास्तीत जास्त १ लाख २० हजार!

त्यामुळे माल चढण्याआधी यादी आणि किंमत कागदावर लिहून घ्या, बिल्टी घ्या, ट्रान्झिट इन्शुरन्सची पॉलिसी हातात घ्या. नुकसान झालंच, तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्या.

कागद द्यायला जो टाळाटाळ करतो, त्याला तिथेच रामराम!