हत्याराचे मोल : कोयता, पाना आणि पकड

लेखमाला : रोजच्या कामाची साधने – लेखांक ६

हातहत्यारांचे दोन बाजार पुणे जिल्ह्यातल्या शिरूर आणि दौंड तालुक्यांत शेजारी शेजारी भरतात. एक शेतीचा : कोयता, खुरपे, विळा, कुदळ, टिकाव, कुऱ्हाड. ही हत्यारे लोहाराच्या भट्टीतून येतात, हातात तोलून घेतली जातात आणि झिजली की पुन्हा भट्टीत जातात. दुसरा कारखानदारीचा : पाने, पकडी, हातोडे, कानशी. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंड जंक्शनवरची रेल्वेची कामे आणि महामार्गालगतची गॅरेजे यांना ती लागतात. त्यांच्यावर कंपनीचा ठसा असतो, आणि बिघडली की ती बहुधा भंगारातच जातात. किंमत आणि दर्जा यांचे नाते या दोन बाजारांत सारखे नाही.

पाटसचा भीमा आणि न्हावऱ्याचा घोडगंगा या सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात उसाने शिवार व्यापले, आणि त्याबरोबर कोयत्यालाही मोल आले. ऊसतोडीत हत्यारावरूनच माणसे मोजतात : नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’, एकटा मजूर म्हणजे ‘अर्धा कोयता’. मजुरी टनावर मिळते. त्यामुळे धार बोथट झाली, की तोटा त्याच दिवशी अंगावर येतो. शेतकऱ्याचेही नुकसान होते. उसाच्या बुडख्याकडच्या कांड्यांत साखर अधिक असते आणि जमिनीलगत स्वच्छ तोड झाली तरच खोडवा नीट फुटतो. बोथट कोयता ऊस कापण्याऐवजी ठेचतो आणि बुडखे वर राहतात.

समजा, एक कोयता ३०० रुपयांना पडला आणि १५० दिवसांचा हंगाम टिकला. खर्च दिवसाला २ रुपये झाला. दुसरा १५० रुपयांना मिळाला, पण त्याला दर थोड्या वेळाने कानस मारावी लागली आणि रोजचा अर्धा तास त्यात गेला, तर वाचलेले १५० रुपये पहिल्या काही दिवसांतच संपतात. पोटासाठी हत्यार चालवणाऱ्याने किंमत नगावर नव्हे, दिवसावर मोजावी, ती यासाठी.

कोयत्याचा कस दोन गोष्टींवर ठरतो : पोलाद आणि पाणी, म्हणजे ते तापवून विझवण्याची रीत. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यापासून घडवलेला कोयता चांगला मानला जातो, आणि त्याला कारण आहे. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के असतो. बांधकामाच्या सळईत किंवा साध्या पट्टीत तो बराच कमी असल्याने तिला कितीही तापवून विझवले तरी ती पुरेशी कडक होत नाही. मात्र चांगले पोलादही चुकीच्या पाण्याने वाया जाते. ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास लाल तापवलेली धार पाण्यात विझवली की ती काचेसारखी कडक आणि तितकीच ठिसूळ होते. म्हणून जाणता लोहार फक्त धारेकडचा भाग विझवतो आणि मागच्या भागातली उष्णता धारेकडे येऊ देतो. घासून चकचकीत केलेल्या पात्यावर तेव्हा रंग सरकत येतात : आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. पिवळा सुमारे २३० अंशांना दिसतो, निळा ३०० अंशांच्या जवळ. कोणत्या रंगावर पाते पुन्हा पाण्यात घालायचे, यात लोहाराचे सारे कौशल्य असते. पिवळ्यावर थांबवलेली धार कडक राहते, पण गाठीवर बसली तर तिचा तुकडा उडतो. निळ्यापर्यंत गेलेली धार चिवट होते, पण लवकर बसते.

भट्टीत दिलेले हे पाणी कळत नकळत ग्राइंडरवर नासते. घाईने धार लावताना कडेला निळा डाग पडला, की तेवढ्या जागचे पाणी उतरले असे समजावे. तो भाग पुढे टिकत नाही.

शेतीच्या हत्याराची खरी स्वस्ताई दुरुस्तीत आहे. कुदळ किंवा पहार झिजली की ती शेवटून आणतात, म्हणजे लोहार टोक पुन्हा ठोकून काढतो आणि त्याला पाणी देतो. दांडा बाभळीचा, गावातच मिळणारा. तो नेढ्यात घट्ट बसवून पाचर मारली की कुऱ्हाड पुन्हा कामाला लागते. दांड्याच्या लाकडाचे रेषे उभे, टोकापर्यंत अखंड गेलेले असावेत. आडव्या रेषांचा दांडा दिसायला गुळगुळीत असला तरी ऐन घावात मोडतो, आणि अशा वेळी माणूस जखमी होतो.

गावाचे हे तांत्रिक बळ शाळेपासून तुटू नये, या विचाराने डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथे १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वीज, शेती ही कामे तिथे प्रत्यक्ष करत शिकवली जातात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब ही संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळाही उभी राहिली. हत्याराची पारख ऐकून नव्हे, ते वापरूनच येते. त्या दृष्टीने तालुक्यातली ही संस्था मोलाची आहे.

कारखान्यात बनलेल्या हत्यारांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. टपारिया कंपनीने स्वीडिश तांत्रिक सहकार्याने १९६९ मध्ये उत्पादन सुरू केले. तिचा कारखाना नाशिकच्या सातपूरला आहे. रत्नागिरीत जेके फाइल्सच्या कानशी बनतात. पंजाबातून, विशेषतः जालंधर आणि लुधियानातून, पाने-पकडींचा मोठा पुरवठा होतो. भारतीय मानकांत स्क्रू ड्रायव्हरसाठी ८४४, हातोड्यासाठी ८४१ आणि दुमुखी पान्यासाठी २०२८ असे क्रमांक आहेत. करही किमतीत भर घालतो. कोयता, कुदळ, कुऱ्हाड, खुरपे यांवर जीएसटी नाही. पाने, पकडी, हातोडे आणि कानशींवर तो १८ टक्के आहे.

पान्याचे काम अचूक मापावर चालते. जबडा किंचित सैल असला की जोर नटाच्या कोपऱ्यांवर येतो, कोपरे गोल होतात आणि मग तो नट छिन्नीनेच काढावा लागतो. ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे चांगल्या मिश्र पोलादाचे नाव हलक्या पान्यांवरही कोरलेले सापडते, आणि चकाकी तर केवळ वरच्या मुलाम्याची असते. म्हणून दुकानातच नवा, न झिजलेला नट घालून पाहावा. पकडीचे जबडे मिटून उजेडाकडे धरावेत : तार तोडायच्या धारांमधून उजेड दिसू नये आणि सांध्याला आडवी हालचाल नसावी. छिन्नी किंवा हातोडा टांगून ठोकल्यावर खणखणीत आवाज यावा, बद्द आवाज तडा असल्याची शंका निर्माण करतो. छिन्नीचे डोके ठोकून फुलले, की कडा घासून काढाव्यात. उडालेली कपची डोळ्यात जाते.

घरासाठी हिशोब वेगळा. वर्षातून चारदा लागणाऱ्या पान्यावर गॅरेजवाल्याइतके पैसे घालण्याचे कारण नाही. मध्यम किमतीचा स्क्रू पाना, एक हातोडा आणि दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर पुरतात. तीस-चाळीस नगांची स्वस्त पेटी घेण्यापेक्षा याच पैशांत चार चांगली हत्यारे घेतलेली बरी, कारण त्या पेटीतले निम्मे नग कधी लागतच नाहीत आणि लागणाऱ्या नगांचे पोलाद मऊ निघते. काटकसर करू नये ती विजेच्या पकडीत. मुठीवर रबरी आवरण आहे म्हणून पकड विजेपासून रक्षण करते असे नाही. साधे आवरण फक्त हाताला पकड देते. विद्युतरोधक पकडीवर १००० व्होल्टचा ठसा आणि एकावर एक आलेल्या दोन त्रिकोणांची खूण असते. ती असली तरी मेन स्विच बंद करूनच काम करावे, आणि आवरणाला चीर गेली की ती पकड विजेच्या कामातून बाद करावी.