तंबाखूचा शेंडा का खुडतात?

कर्नाटकातल्या निपाणीच्या शिवारात तंबाखूला कळी धरली, की शेतकरी शेंडाच खुडतो. का? बी धरायच्या नादात झाड आपला सारा कस फुलाकडे वळवतं. हा खर्चिक पाहुणा हटवला, की तोच कस पानांत उतरतो. पानं रुंद, जाड होतात. शिवाय निकोटिन तयार होतं मुळांत आणि तिथून पानांत चढतं. शेंडा गेला, की मुळं फोफावतात, निकोटिनही वाढतं. मात्र पानांच्या बगलेतून फुटवे येतात; तेही वरचेवर काढावे लागतात, हात चिकट चिकाने काळे होतात. एवढी मेहनत, कारण पैसा पानाचा. याच पानाच्या भावासाठी १९८१ मध्ये शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला. आफ्रिकेतल्या मलावीला तर सर्वाधिक परकीय चलन तंबाखूच मिळवून देते. तिथे भाव पडला, की देशाच्या तिजोरीलाच चटका बसतो.