सरपणाला सोन्याचा भाव

फेब्रुवारी २०२२मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युरोपात गॅस व विजेची बिले भडकली. घर उबदार ठेवण्यासाठी अनेक कुटुंबे पुन्हा लाकडाच्या शेगडीकडे वळली.

• भाव : जर्मनीत ऑगस्ट २०२२मध्ये सरपण आणि लाकडी पेलेट यांचे दर वर्षभरात ८५.७ टक्क्यांनी चढले. तेव्हा तिथली एकूण महागाई आठ टक्क्यांच्या आत होती.

• निर्बंध : हंगेरीने त्याच महिन्यात सरपणाची निर्यात रोखली. वृक्षतोडीचे नियमही सैल केले, त्याविरुद्ध बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले.

• ओले की सुके? ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते. उष्णतेचा मोठा वाटा ते पाणी उडवण्यातच जातो, धूरही जास्त होतो. म्हणून फोडलेले लाकूड वर्ष-दोन वर्षे वाळवतात. इंग्लंडमध्ये मे २०२१पासून किरकोळ विक्रीच्या सरपणात २० टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो.

• परीक्षा : सुक्या ओंडक्याच्या टोकाला चिरा पडतात, साल सुटते; दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओले लाकूड बद्द वाजते.

• धोका : लाकडाच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसे आणि हृदयाला घातक असतात. धुराडे तुंबले तर कार्बन मोनॉक्साइड जीवही घेतो.

बिल वाचवताना श्वासाची किंमत मोजू नका : रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड कधीही जाळू नका आणि धुराडे दरवर्षी साफ करून घ्या.