झुल्याखालची शाळा

सर्कशीतली माणसं शिकतात कुठं, एवढंच बघून या, असं संपादकांनी सांगितलं होतं. म्हणून सांगलीत उतरलेल्या एका सर्कशीच्या तंबूत मी खेळाच्या वेळी न जाता सकाळी सहाला गेले. खेळ दुपारी एकला, चारला आणि संध्याकाळी सातला. शाळा भरते ती त्याआधी, ऊन चढून तंबूचं कापड तापायच्या आत. नऊनंतर वरच्या झुल्यांपाशी जीव घुसमटतो, मग प्रॅक्टिस बंद.

या शाळेला वर्ग नाहीत की पाटी नाही. तीन-चार आठवड्यांनी मैदान बदलतं तेव्हा खांब, दोर, जाळी, झुले आणि विद्यार्थी एकाच ट्रकमधून पुढच्या गावाला जातात. सध्या नवीन पोरं पाच आहेत. आसामच्या तीन मुली, नेपाळचा एक मुलगा आणि बिहारच्या खेड्यातून आलेला एक उंच, हडकुळा तरुण. सगळे अठरा पूर्ण झालेले. कंपनीच्या ऑफिसात त्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स लावून ठेवल्या आहेत. शिकवणारे गृहस्थ केरळमधल्या थलश्शेरीजवळचे. वय छपन्न. आसामी, नेपाळी, बिहारी, मराठी, सगळेच त्यांना ‘चेट्टन’, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतात. बोलणं सगळं हिंदीत.

सांगलीत ही शाळा पाहायला मिळाली याचं मला विशेष वाटलं, कारण भारतीय सर्कशीचं मूळ इथून तासाभराच्या वाटेवर आहे. कुरुंदवाड संस्थानात घोडी शिकवणारे विष्णुपंत छत्रे मूळचे अंकलखोपचे. 1879 मध्ये मुंबईत आलेली कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस त्यांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी, 20 मार्च 1880 ला, कुरुंदवाडात आपल्या ‘ग्रेट इंडियन सर्कस’चा पहिला खेळ केला. हिंदुस्थानी लोकांना हे जमायला अजून बराच काळ जावा लागेल, असं कियारिनी म्हणाला होता आणि ते पंतांच्या मनाला लागलं, अशी गोष्ट सांगतात. पंत घोडेस्वार तर होतेच, शिवाय गाण्याचे नादी. ग्वाल्हेर घराण्याचे रहिमत खाँ त्यांच्या आश्रयाला होते. पुढं म्हैसाळच्या देवलांची सर्कस निघाली, कार्लेकरांची निघाली, आणि कृष्णाकाठच्या या पट्ट्यातून मराठी माणसं तंबू घेऊन देशभर हिंडू लागली.

घोडी पंतांना शिकवता येत होती. माणसांना हवेत कसं उडवायचं, ही अडचण होती. ती थलश्शेरीत सुटली. सर्कस तिथं गेली असताना पंतांची गाठ कीलेरी कुञ्ञिक्कण्णन या व्यायामशिक्षकाशी पडली. कळरीत, म्हणजे केरळी युद्धकलेच्या आखाड्यात, तयार झालेल्या त्या माणसानं सर्कशीसाठी मुलं तयार करायचं पत्करलं, आणि 1901 मध्ये थलश्शेरीजवळ चिरक्करा इथं फक्त सर्कशीची अशी शाळा काढली. त्यानंतरच्या कितीतरी केरळी सर्कशी त्यांच्या शिष्यांच्या किंवा शिष्यांच्या शिष्यांच्या. जेमिनी सर्कस काढणारे शंकरनही त्याच परंपरेतले. चेट्टन आपल्या गुरूचा गुरू सांगतात, मग त्याचा गुरू, आणि कीलेरींचं नाव आलं की हात जोडतात.

पण बहुतेकांचं शिक्षण कीलेरींच्या शाळेसारखं एका जागी झालंच नाही. ते फिरत्या तंबूतच झालं. पुण्याचे दामू धोत्रे हे त्याचं मोठं उदाहरण. 1902 सालचा जन्म, मामांची सर्कस, त्यात लहानपणीच प्रवेश. आधी अंगाच्या कसरती, सायकल, मग वाघसिंह. 1940 मध्ये ते अमेरिकेत रिंगलिंग ब्रदर्सच्या पिंजऱ्यात उभे राहिले तेव्हा त्यांच्यापाशी होतं ते सगळं चालत्या कंपनीत शिकलेलं.

चेट्टनच्या शाळेत उडणं फार उशिरा येतं. आधी पडणं. नव्या मुलीला ते पहिल्यांदा फक्त कमरेएवढ्या उंचीवरून जाळीवर पाडतात. पाठीवरच पडायचं. पाय खाली गेले तर घोटा जाळीच्या घरात अडकून मुरगळतो, हात टेकले तर मनगट जातं, तोंडावर पडलं तर मान. हनुवटी छातीशी, हात अंगाशी, आणि पाठ पूर्ण पसरून. पडायची उंची रोज थोडी थोडी वाढते. आसामच्या मुलींपैकी सगळ्यांत लहान चणीची जी आहे, ती अजून पडताना शेवटच्या क्षणी हात मागे नेते. चेट्टन ओरडत नाहीत. “फिर से,” एवढंच म्हणतात, आणि ती दोरीच्या शिडीनं परत वर जाते. त्या सकाळी ती इतक्या वेळा वर गेली की तिच्या तळव्यांना दोरीचे वळ उठले. शेवटच्या पडण्यात हात जागेवर राहिले. चेट्टननं मान हलवली आणि तिला लगेच खाली बोलावलं. बरोबर झालं की थांबायचं, म्हणजे अंगाला तेच लक्षात राहतं, हा त्यांचा नियम.

जाळी हा या माणसाच्या आयुष्याचा अर्धा भाग आहे. खांबांना ताण देऊन ती बांधताना ते स्वतः चारही बाजूंनी फिरतात, प्रत्येक दोर तळहातानं दाबून बघतात. जाळी जास्त ताणली तर पडलेला माणूस उसळून बाहेर फेकला जातो. ढिली राहिली तर पाठ जमिनीला लागते. रात्री पाऊस झाला की सकाळी ताण बदललेला असतो. उन्हानं नायलॉन कुजतं, आणि कुजलेला दोर वरून धडधाकट दिसतो. म्हणून ते गाठी बोटांनी उलगडून आतला रंग पाहतात. मी तिथं होते तेव्हा त्यांनी एका कोपऱ्यातला वीतभर तुकडा कापून काढला आणि नवीन दोर विणला. त्यात पाऊण तास गेला. प्रॅक्टिस तेवढी कमी झाली, पण कोणी कुरकुर केली नाही.

वरचा खेळ पाहताना आपलं लक्ष उडणाऱ्याकडं असतं. गुडघ्यांत झुला अडकवून उलटा लटकलेला कॅचर आपल्याला दिसतो, पण आपण त्याच्याकडं बघत नाही. मी त्याच्याचकडं बघत राहिले. चेट्टन बावीस वर्षं कॅचर होते. खांदा गेल्यावर शिकवायला लागले. त्यांचे हात मनगटापासून कोपरापर्यंत एकसारखे जाड आहेत. झेल तळहातांनी घेत नाहीत; एकमेकांची मनगटं धरतात, एकाची पकड निसटली तरी दुसऱ्याची राहावी म्हणून. मनगटांवर सुती पट्ट्या गुंडाळायच्या, त्यावर मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड चोळायची. पट्टी सैल झाली तर घामानं सरकते, घट्ट झाली तर बोटं बधिर होतात. नवी पोरं पट्टी बांधायलाच महिनाभर शिकतात.

सगळ्यांत अवघड गोष्ट मला त्यांनी मातीत दोन रेघा ओढून समजावली. शाळेच्या पुस्तकातला लंबक इथं माणसाच्या जिवाशी खेळतो. झुल्याच्या हेलकाव्याला लागणारा वेळ माणसाच्या वजनावर अवलंबून नसतो, दोराच्या लांबीवर असतो. दोर आणि लटकलेल्या अंगाचा मध्य धरून पाच मीटर लांबी झाली, तर एक पूर्ण हेलकावा साधारण साडेचार सेकंदांचा. मोठा झोका घेतला तर थोडा जास्त. चाळीस किलोची मुलगी आणि ऐंशी किलोचा कॅचर, दोघांनाही झुला तेवढाच वेळ देतो. उशीर झाला म्हणून झुल्याला घाई करता येत नाही. दोघंही आपापल्या झोक्याच्या टोकाशी आले की वेग जवळजवळ संपतो, अंगाला क्षणभर वजनच नसल्यासारखं वाटतं. झेल व्हायचा तो तिथं. म्हणजे सगळा निर्णय फळीवरून पाय सोडतानाच झालेला असतो. मुलगी उभी असते, समोर कॅचर झोके घेत असतो, आणि तो तिच्याकडं येत असताना निघायचं की दूर जात असताना, हे डोळ्यांना कधीच बरोबर दिसत नाही. डोळे उशीर करतात. म्हणून कॅचर ओरडतो, “हप!” आणि ऐकताक्षणी पाय सुटले पाहिजेत. विचार केला तर वेळ गेली.

या उडत्या झुल्याचा पहिला खेळ 1859 मध्ये पॅरिसमध्ये ज्यूल लेओतार यानं केला. वडिलांची व्यायामशाळा होती तुलूझला, आणि तो सराव तिथल्या पोहण्याच्या तलावावर करायचा. चुकला तर पाण्यात. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षांनी, 1982 मध्ये, मिगेल वास्केझनं अमेरिकेत टूसॉनमध्ये हवेत चार कोलांट्या घेतल्या आणि त्याला झेलणारा त्याचा भाऊ हुआन होता. चेट्टनना त्या झेलाची सगळी माहिती आहे. त्यांनी तो मोबाइलवर असंख्य वेळा पाहिलाय, आणि पाहताना ते हुआनचे खांदे बघतात.

चेट्टन नवव्या वर्षी सर्कशीत आले. घरून कोणी तरी कागदावर अंगठा दिला होता. पहिल्या कंपनीत पहाटे चारला उठवायचे, पाठ वाकत नाही म्हणून वेताच्या छडीनं मारायचे. कोणती कंपनी ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. या धंद्याच्या कौतुकात हा भाग गाळला तर ते खोटं ठरेल. गरीब घरांतून, पुढं पुढं नेपाळमधून, करारावर आणलेली मुलं घरी जाऊ शकत नव्हती, पगार त्यांच्या हातात पडत नव्हता, मुलींवर अत्याचार झाले. ‘बचपन बचाओ आंदोलन’ कोर्टात गेलं आणि 18 एप्रिल 2011 ला सर्वोच्च न्यायालयानं मुलांना सर्कशीत कामाला ठेवण्यावर बंदी आणायचा आदेश दिला. तो बरोबरच होता. चेट्टनही तसंच म्हणतात. त्यांच्या मुलीनं नर्सिंग केलं आणि तंबूत ती फक्त सुटीत आली.

पण मुलं बाहेर गेली तेव्हा त्यांच्याबरोबर शाळाही गेली, आणि तिच्या जागी दुसरी कोणी उभी केली नाही. माझी तक्रार तिथं आहे. अंग वाकायचं, पडायची भीती जायची ती वयाच्या आठ-दहापासून. अठराव्या वर्षी आलेल्या मुलीला भीतीचं नाव माहीत असतं, आणि सांधे बसलेले असतात. केरळ सरकारनं 2010 मध्ये थलश्शेरीत सर्कस अकादमी काढली होती. मुलांनी शाळा शिकावी आणि बरोबरीनं कसरतीही शिकाव्यात, हा विचार योग्य होता. काही वर्षांत तीही बंद पडली.

महाराष्ट्रात तर अकादमी नव्यानं बांधायचीही गरज नाही. आपल्याकडं मल्लखांब आहे. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरापासून तालुक्याच्या गावातल्या आखाड्यांपर्यंत हजारो मुलंमुली लाकडी खांबावर आणि दोरावर ज्या कसरती करतात त्या पाहून चेट्टन गप्प झाले होते. सांगलीतल्याच एका व्यायामशाळेत मी त्यांना नेलं होतं. दोरावर उलटी लटकलेली बारा वर्षांची मुलगी त्यांनी बराच वेळ पाहिली आणि मला म्हणाले, “हिला फक्त पडायला शिकवावं लागेल.” ही मुलं शाळेत शिकतात, घरी राहतात, संध्याकाळी सराव करतात. कोणी त्यांना मारत नाही. दहा वर्षांचं असं शिक्षण घेऊन ती अठराची होतात, आणि मग कॉलेज, क्लास, नोकरी यांत अंगातलं सगळं सुटून जातं. मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली, म्हणजे खेळाला मान आहे. त्या मानातून तंबूकडं येणारी वाट मात्र नाही. व्यायामशाळेतल्या सरांना मी विचारलं तर ते म्हणाले, “ताई, आईबाप म्हणतील, सर्कशीत पाठवायची का पोरगी?” सर चुकीचं बोलले नाहीत. आज कोणत्या तोंडानं पाठवा म्हणायचं?

कारण तंबूत गेलेल्या माणसाच्या हाती काय लागतं तेही मी पाहिलं. बावीस वर्षं माणसं झेललेल्या चेट्टनकडं त्याचा एकही कागद नाही. कंपनी सोडली तर त्यांना जिमनॅस्टिक्सचा शिक्षक म्हणून कोणती शाळा घेणार नाही, कारण प्रमाणपत्र नाही. खांद्याच्या ऑपरेशनचा अर्धा खर्च मालकांनी केला, अर्धा त्यांनी काढला. विमा देणाऱ्या एजंटनं धंदा ऐकून फॉर्म परत केला होता. मालकही वैतागलेले आहेत. शहरातली मैदानं एक तर बांधली गेली किंवा त्यांचं भाडं न परवडणारं झालं. फायर ब्रिगेड, पोलीस, महापालिका, वीज, प्रत्येक गावात नव्यानं परवानगी. वाघसिंह केव्हाच गेले, प्राण्यांसाठी येणारी गर्दी गेली. आता जे काही आहे ते माणसाच्या अंगावर आहे, आणि नेमकं तेच घडवायला वेळ नाही. दिवसाला तीन खेळ करणाऱ्या कलाकाराकडून सकाळी तीन तास नव्या पोरीला शिकवून घ्यायचं म्हणजे त्याला एक खेळ तरी कमी द्यावा लागतो. बऱ्याच कंपन्यांनी यावर सोपा उपाय काढला. तयार कलाकार बाहेरच्या देशातून सीझनपुरते आणायचे. पण ते परत जाताना शिकवणं मागे ठेवून जात नाहीत.

आसामच्या तिघींपैकी एक पुढच्या महिन्यात जाणार आहे. गुवाहाटीच्या एका मॉलमध्ये तिला जास्त पगार मिळतोय. चेट्टननं तिला अडवलं नाही, फक्त पट्ट्यांचा जुना जोड परत मागून घेतला, धुतला आणि वाळत घातला.

त्यांची खरी काळजी कॅचरची आहे. सध्याचा कॅचर एक्केचाळीस वर्षांचा, अजून तीन-चार वर्षं निघतील. वजनानं झुल्याची वेळ बदलत नसली तरी झेलताना बसणारा झटका वजनदार अंगच सोसतं. हलका कॅचर उडणाऱ्याबरोबर स्वतःही ओढला जातो. बिहारचा तो उंच मुलगा अठ्ठावन्न किलोचा आहे. कान तयार आहे, “हप” त्याच्या तोंडून अचूक वेळेला निघतं, चेट्टननं त्याला खाली उभं करून शंभरदा ओरडायला लावून पाहिलंय. कंपनीच्या भटारखान्यात डाळभात आणि रविवारी चिकन मिळतं. रोजची सहा अंडी आणि लिटरभर दूध चेट्टन आपल्या पगारातून देतात. पावसाळ्यात कंपनी कोल्हापूरकडं शेडमध्ये थांबेल तेव्हा त्याला खालच्या झुल्यावर लटकवायचं, वाळूची पोती झेलायला लावायची, आणि वजन सत्तरच्या पुढं गेलं तर दिवाळीनंतर वर चढवायचं, असं त्यांनी ठरवलं आहे.