दुमजली पंखांचें विमान

आय. आय. टी. १९५८ सालीं स्थापन झाली व तिच्यांत विमानविद्या शिकविली जाऊं लागली. त्या पवईंतील मुलांना बिनतारी संदेशानें चालणाऱ्या छोट्या विमानाचा छंद लागावा यांत नवल नाहीं. कोलांट्या घेणारें दुमजली पंखांचें विमान त्यांना विशेष मोहवितें. कर्टिस पिट्स यांचें १९४४ सालचें 'पिट्स स्पेशल' याच जातीचें. पंखांच्या दोन जोड्या एकावर एक असल्यानें पंख आंखूड ठेवूनहि क्षेत्रफळ पुरेसें मिळतें, आणि आंखूड पंखाचें विमान चटकन् कुशीवर वळतें. मात्र हवेचा विरोध वाढतो. शिवाय सरळ उभें चढावयाचें तर मोटारीची ओढ विमानाच्या वजनाहून अधिक हवी. दुकानदार रंग दाखवितो. आपण वजन विचारावें! पंखाचा छेद वरखालीं सारखाच फुगीर असावा, म्हणजे उताणें उडणें साधतें.

प्रेषक निदान चार चॅनेलचा घ्यावा: एक मोटारीस, तीन सुकाणूंस. गुरुत्वमध्य मागें सरकल्यास विमान आवरत नाहीं. बॅटरी पुढेंमागें करून तो नेमक्या जागीं आणावा. लिथियम-पॉलिमर बॅटरी फुगली कीं टाकून द्यावी, आणि भरत असतां तिला सोडून बाहेर जाऊं नये. तिला लागलेली आग सहजीं विझत नाहीं.

पवईहून विमानतळ इतका निकट आहे कीं, २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें तेथें परवानगीवांचून उड्डाण करतां येत नाहीं. तेव्हां दूरचें मोकळें मैदान आधीं ठरवावें, पैसे मागाहून मोजावे. आणि मुलाचा हात बसेपर्यंत त्यास एकाच पंखाचें संथ विमान द्यावें.